आऊट ऑफ द पार्क बेसबॉल: तळाला गेलेली टीम आकडे वाचून परत कशी उभी करायची

हे त्यांच्यासाठी आहे ज्यांना बॅट फिरवायचे गेम नकोत, जनरल मॅनेजरच्या खुर्चीत बसून टीम बांधायची आहे. आऊट ऑफ द पार्क, सगळे ओओटीपी म्हणतात, हा त्यातला सगळ्यात खोल गेम आहे असं माझं ठाम मत. मार्कुस हाइन्सोन या जर्मन डेव्हलपरने १९९९ मध्ये पहिली आवृत्ती काढली आणि आता दरवर्षी मार्चच्या आसपास नवी येते. बेसबॉलचे नियम इथे सांगत बसत नाही, जळगाव-अमरावतीकडे शाळेत सॉफ्टबॉल खेळला असाल तर निम्मं काम झालंच आहे, बाकीच्यांनी चार-पाच मॅचच्या हायलाइट्स बघून या.

रीबिल्डची सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. प्लेयरच्या नावावर काय लागलं ते आकडे वेगळे आणि प्लेयरने स्वतः काय केलं ते आकडे वेगळे. पहिले आकडे ज्यांचे भारी आहेत ते प्लेयर विकायचे, दुसरे ज्यांचे भारी आहेत ते घ्यायचे, आणि हे सलग दोन-तीन वर्षं न कंटाळता करायचं.

उदाहरणाला शिकागो व्हाइट सॉक्सचा २०२४ चा खरा सीझन घेतो, कारण त्याच्याइतका वाईट नमुना आजकालच्या काळात दुसरा नाही. ४१ जिंकल्या, १२१ हरल्या, आणि १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० हारींचा रेकॉर्ड मोडला. तुमच्या गेममध्ये टीम आणि नावं वेगळी असतील, पद्धत तीच राहते.

आधी सेटिंग

स्काउटिंग चालू ठेवा आणि अचूकता शंभर टक्के करू नका, नॉर्मल किंवा त्याहून कमी ठेवा. कारण असं आहे की गेममध्ये प्रत्येक प्लेयरच्या मागे खरं रेटिंग लपलेलं असतं, गेम त्यावरून फासे टाकतो आणि त्यातून सीझनचे आकडे तयार होतात. आकड्यांत नशिबाची भेसळ असते, स्काउटच्या रिपोर्टमध्ये स्काउटच्या चुकांची, दोन्ही शेजारी ठेवून वाचले की खरं रेटिंग कुठे असेल त्याचा बरा अंदाज येतो. खरं रेटिंगच उघडं दिसत असेल तर आकडे वाचायची गरजच उरत नाही आणि मग या गेमची निम्मी मजा गेली. ट्रेडिंग डिफिकल्टी हार्ड करा, प्रॉस्पेक्ट (मायनर लीगमधला होतकरू तरुण) की व्हेटरन हे प्राधान्य न्यूट्रल ठेवा. एआय, म्हणजे बाकीच्या टीम चालवणारा कॉम्प्युटर, प्लेयरची किंमत लावताना रेटिंगला किती वजन देते आणि यंदाच्या, गेल्या वर्षीच्या, त्याआधीच्या आकड्यांना किती, हेसुद्धा सेटिंगमध्ये दिसतं, ते एकदा उघडून नीट वाचा कारण पुढचा सगळा व्यापार त्यावर चालणार आहे. यंदाच्या आकड्यांना वजन आहे म्हणजेच दोन महिने नशीब जोरात असलेला प्लेयर एआयला महाग वाटणार आणि दोन महिने नशीब रुसलेला स्वस्त.

मग कस्टम व्ह्यू बनवा. बॅटरसाठी वय, प्लेट अपिअरन्स (बॅटिंगच्या संधी), स्ट्राइकआउट टक्के, वॉक टक्के (वॉक म्हणजे चार वाईट बॉल सोडून मिळालेला फुकट बेस), आयएसओ (निव्वळ पॉवर), बॅबिप, ओबीपी (किती संधींत बेसवर पोचला), डब्ल्यूआरसी प्लस, वॉर (फुकटात मिळणाऱ्या प्लेयरपेक्षा किती जीत जास्त दिल्या). पिचरसाठी इनिंग, स्ट्राइकआउट टक्के, वॉक टक्के, होमरन, बॅबिप, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन), एफआयपी, वॉर. बॅबिप, एफआयपी आणि डब्ल्यूआरसी प्लस काय ते पुढे येतं. आरबीआय आणि पिचरचे विन-लॉस हे कॉलम काढूनच टाका, डोळ्यासमोर असले की मन तिकडे जातंच. हे सगळं सीएसव्ही करून बाहेर काढता येतं, म्हणजे एक्सेलमध्ये टाकून निवांत बसता येतं.

टीम नक्की किती वाईट आहे ते मोजा

स्टँडिंगमधली जीत-हार बघून प्लॅन करू नका, रन बघा. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी दिलेलं सूत्र साधं आहे, काढलेल्या रनचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज, म्हणजे तुमची जिंकण्याची खरी लायकी. वर्गाच्या जागी १.८३ हा घात घेतला तर अजून जवळचं उत्तर येतं. व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये ५०७ रन काढले आणि ८१३ दिले. १.८३ च्या सूत्रात टाका, १६२ पैकी साधारण ४८ जीत येतात. खऱ्या ४१. म्हणजे टीम भयंकर होतीच, वर सात मॅच नशिबानेही खाल्ल्या.

आता हा ४८ चा आकडा लक्षात ठेवा कारण तो फार कामाचा आहे. वॉर मोजताना रिप्लेसमेंट लेव्हल धरतात, म्हणजे ट्रिपल ए मधून (मेजरच्या लगेच खालची मायनर लीग, तिच्या खाली डबल ए) किंवा वेव्हरवरून (दुसऱ्या टीमनी सोडलेल्या प्लेयरची यादी) फुकट उचलता येईल असा प्लेयर. पूर्ण टीम अशाच प्लेयरची असेल तर १६२ पैकी ४७-४८ मॅच जिंकेल असा हिशोब आहे. म्हणजे २०२४ च्या व्हाइट सॉक्सची रनवरून निघणारी लायकी बरोब्बर फुकटात जमवलेल्या टीमइतकी होती! यावरून दिशा मिळते. साधारण १० रन म्हणजे एक जीत. ९० जीत हव्यात तर ४८ वर अजून ४२, म्हणजे ४२ वॉर किंवा ४२० रनचा फरक. हे एका हिवाळ्यात होत नाही, कोणाच्याच बापाने होत नाही, म्हणून पहिल्या वर्षी दोन मोठे फ्री एजंट आणून काही उपयोग नाही. दोघं मिळून ८-९ वॉर देतील, टीम ५७ वर जाईल, आणि खरी वेळ येईल तेव्हा त्यांचं वय ३३ झालेलं असेल आणि कॉन्ट्रॅक्ट गळ्यात.

हे ४२ कुठून येणार त्याचा कागदावर आराखडा करा. बॅटिंगच्या नऊ जागांमधून २५ च्या आसपास, पाच स्टार्टरमधून (मॅच सुरू करणारे पिचर) १२, बुलपेनमधून (नंतर येणारे रिलीव्हर) ४-५. प्रत्येक जागेपुढे लिहा की तीन वर्षांनी इथे कोण उभा असेल आणि त्याचं वय किती असेल. ज्या जागेपुढे नाव नाही तिथे काम आहे. सुरुवातीला जवळजवळ सगळ्याच जागा रिकाम्या दिसतील, दिसू द्या.

विकायचे आकडे

आरबीआय, म्हणजे बॅटरमुळे किती रन आले, हा आकडा त्याच्या आधी खेळलेले बॅटर बेसवर होते की नाही यावर अर्धा अवलंबून असतो. टोनी बतिस्ताने २००४ मध्ये मॉन्ट्रियल एक्सपोजसाठी ३२ होमरन आणि ११० आरबीआय केले, ऐकायला किती भारी वाटतं, आणि त्याची ओबीपी होती ०.२७२. म्हणजे शंभरात त्र्याहत्तर वेळा आऊट. इनिंगला तीनच आऊट मिळतात, मॅचला २७, तेच खरं भांडवल, आणि हा माणूस ते उधळत होता. असा प्लेयर तुमच्याकडे असेल तर विका.

बॅटिंग अ‍ॅव्हरेजचंही तसंच. क्रिकेटमध्ये वाइड सोडला तर बॅट्समनच्या खात्यात काही पडत नाही तसं इथे वॉक घेतला तर अ‍ॅव्हरेजमध्ये काहीच पडत नाही, पण इथे वॉक घेणं हे बॅटरचं स्वतःचं स्किल आहे, चार वाईट बॉल सोडायची नजर लागते त्याला. म्हणून अ‍ॅव्हरेज सोडा, ओबीपी बघा. २०२४ मध्ये पूर्ण मेजर लीगची ओबीपी ०.३१२ होती आणि अ‍ॅव्हरेज ०.२४३. ०.२८० अ‍ॅव्हरेज आणि ०.३०५ ओबीपीवाला प्लेयर विकायचा, ०.२३५ आणि ०.३४५ वाला घ्यायचा, आणि असा बदल करताना बऱ्याचदा समोरची टीम वरून एक प्रॉस्पेक्टही देते.

पिचरच्या जीत-हारीचा तर विषयच सोडा. गॅरेट क्रोशे २०२४ मध्ये याच व्हाइट सॉक्सकडे होता, ६ जीत १२ हार. आता दुसरी बाजू बघा, १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट आणि फक्त ३३ वॉक. ईआरए ३.५८ आणि एफआयपी २.७ च्या आसपास. एफआयपी म्हणजे पिचरच्या स्वतःच्या हातात जे आहे तेवढंच मोजायचं: होमरन गुणिले १३, वॉक आणि अंगावर मारलेले बॉल गुणिले ३, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा, भागिले इनिंग, आणि वर साधारण ३.१ चा स्थिरांक म्हणजे आकडा ईआरएच्या पट्टीत येतो. फील्डरने कॅच सोडला, बॅट्समननी रन काढले नाहीत, यातलं काहीच त्यात येत नाही. बॉस्टनला हे दिसत होतं म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी क्रोशेसाठी चार प्रॉस्पेक्ट दिले: काइल टील, ब्रेडन मॉन्टगोमेरी, चेस माइड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेझ. रीबिल्ड करणाऱ्या टीमसाठी हा ट्रेड मला अगदी बरोबर वाटतो. कंट्रोलची, म्हणजे फ्री एजंट व्हायच्या आधी टीमच्या ताब्यातली, दोनच वर्षं उरलेली होती, टीम त्या दोन वर्षांत जिंकणार नव्हती, आणि पिचरचा खांदा-कोपर कधी जाईल सांगता येत नाही. ओओटीपीत तर पिचरच्या दुखापती भरपूर होतात. म्हणून तुमच्याकडे असा पिचर असेल तर जीव लावू नका, चांगली किंमत आली की द्या.

क्लोजर, म्हणजे थोडक्या आघाडीवर शेवटची इनिंग टाकणारा पिचर, हा सगळ्यात पहिला विकायचा. सेव्ह, म्हणजे अशी राखलेली आघाडी, हा आकडा मॅनेजरने कधी बोलावलं यावर ठरतो, आणि वर्षाला ६० इनिंग टाकणारा माणूस ६० जिंकणाऱ्या टीमला कशाला हवा? जुलै २०१६ मध्ये यांकीजने अ‍ॅरोल्डिस चॅपमन शिकागो कब्जला दिला आणि बदल्यात आलेल्यांमध्ये ग्लेबर टोरेस होता, तो २०१८ मध्ये वर आला, त्याच वर्षी २४ होमरन आणि ऑल स्टार. आणि चॅपमन? डिसेंबर २०१६ मध्ये यांकीजनेच फ्री एजंट म्हणून परत घेतला. कब्ज त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले त्यामुळे त्यांची तक्रार नाही, पण रीबिल्डच्या बाजूने बघितलं तर याहून चांगला सौदा शोधून सापडणार नाही. तुमच्याकडे क्लोजर नसेल तर बनवा, एप्रिलमध्ये बऱ्यापैकी स्टफ रेटिंग असलेल्या कुठल्याही स्वस्त रिलीव्हरला क्लोजरचा रोल द्या, जुलैपर्यंत नावावर १५-२० सेव्ह लागतात आणि मग शॉप अ प्लेयर दाबून बघा कोण काय देतंय.

घ्यायचे आकडे

इथे जरा थांबतो कारण खरी मेख इथे आहे. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकेन या आकडे-अभ्यासकाने दाखवलं की बॉल एकदा बॅटला लागून मैदानात गेला की त्याचा हिट होतो की आऊट यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. मैदानात गेलेल्या बॉलपैकी किती हिट झाले ते म्हणजे बॅबिप, लीगभर तो ०.२९० ते ०.३०० च्या आसपास फिरतो. एखाद्या पिचरचा बॅबिप ०.३४० असेल आणि ईआरए ५.१० पण स्ट्राइकआउट २५ टक्के आणि वॉक ७ टक्के, तर त्याची टीम त्याला टाकून द्यायला निघालेली असते, आणि तुम्ही त्याच वेळी फोन करायचा. उलट ईआरए २.९०, बॅबिप ०.२४०, स्ट्राइकआउट १५ टक्के, असा तुमच्याकडे असेल तर आजच विका, उद्या नको.

पण बॅबिप आंधळेपणाने वापरू नका. बॅटरचा बॅबिप हा बऱ्यापैकी त्याचा स्वतःचा असतो, जोरात पळणारा आणि बॉल कडक मारणारा बॅटर वर्षानुवर्षं ०.३३० ठेवू शकतो, म्हणून बॅटरला लीगशी नाही तर त्याच्याच आधीच्या तीन वर्षांशी ताडून बघा. ओओटीपीच्या नव्या आवृत्त्यांमध्ये बॅटरला बॅबिपचं वेगळं रेटिंग आहे आणि कॉन्टॅक्ट हे रेटिंग बॅबिप, स्ट्राइकआउट टाळणं आणि पॉवर यांच्या मिश्रणातून येतं, पिचरच्या मूव्हमेंटमध्येही होमरन टाळणं आणि बॅबिप दोन्ही असतात. आणि तुमच्या स्वतःच्या पिचरचा बॅबिप सगळ्यांचाच ०.३२० असेल तर ते नशीब नाहीये, तुमचे फील्डर वाईट आहेत, त्यावर पुढे येतो.

किती मॅचनंतर आकड्यावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न सगळ्यांना पडतो. खऱ्या बेसबॉलवरच्या अभ्यासातून निघालेली ढोबळ उत्तरं अशी: बॅटरचं स्ट्राइकआउटचं प्रमाण ६० प्लेट अपिअरन्सनंतर काहीतरी सांगायला लागतं, वॉकचं १२० नंतर, होमरनचं १७० नंतर, ओबीपीला ४६० लागतात, आणि बॅबिपला तर मैदानात गेलेले ८०० च्या वर बॉल. म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीला तुम्हाला स्ट्राइकआउट आणि वॉक वाचता येतात, अ‍ॅव्हरेज मात्र पूर्ण सीझन संपला तरी नीट वाचता येत नाही. एआय मात्र मे महिन्यातच ०.१९५ चं अ‍ॅव्हरेज बघून किंमत उतरवते. हाच तो फरक ज्यावर आपण कमावणार. एखादा २५ वर्षांचा बॅटर ०.१९५ वर असेल पण वॉक १२ टक्के, स्ट्राइकआउट १९ टक्के, आयएसओ ०.१८०, आणि बॅबिप ०.२१०, तर त्याच्यासाठी ट्रेड स्क्रीन उघडा, त्याच्या टीमला तुमचा ०.३१० मारणारा ३१ वर्षांचा लेफ्ट फील्डर देऊन बघा.

पुढच्या वर्षीचा अंदाज काढायला टॉम टँगो या आकडे-अभ्यासकाची मार्सेल नावाची पद्धत एक्सेलमध्ये पाच मिनिटांत बसते. तीन वर्षांचे आकडे घ्या, ताज्या वर्षाला ५, त्याआधीच्याला ४, त्याआधीच्याला ३ असं वजन द्या, आणि वर १२०० प्लेट अपिअरन्स लीगच्या सरासरीचे मिसळा. समजा बॅटरची ओबीपी ६०० संधींत ०.३५०, त्याआधी ५०० मध्ये ०.३२०, त्याआधी ४०० मध्ये ०.३३०. वजनासकट संधी झाल्या ६२००, बेसवर पोचला २०८६ वेळा. लीगचे १२०० गुणिले ०.३१२ म्हणजे ३७४ मिळवा, एकूण ७४०० मध्ये २४६०, उत्तर ०.३३२. ताज्या ०.३५० वर भुललात तर १८ पॉइंट जास्त किंमत मोजली असती. वयाचं एक टोक जोडा, २९ च्या आतल्याला थोडं वाढवा, वरच्याला थोडं कमी करा. पिचरला वजन ३-२-१ द्या. एवढं पुरे, याहून किचकट मॉडेल या गेममध्ये फार काही जास्त देत नाही असं माझं मत.

पार्कचा हिशोब विसरू नका. डेन्व्हरच्या कूर्स फील्डला हवा विरळ, तिथले बॅटर कागदावर राक्षस दिसतात, म्हणून डब्ल्यूआरसी प्लस बघायचा, त्यात पार्क आणि लीग दोन्ही धुऊन निघतात आणि १०० म्हणजे सरासरी. कॉलराडोचा पिचर ईआरए ४.८० वर असेल तर एफआयपी आणि स्ट्राइकआउट बघितल्याशिवाय नाक मुरडू नका.

मायनर लीगमध्ये आकड्याआधी वय

मायनरचा आकडा वयाशिवाय वाचला तर फसलातच. डबल ए मध्ये बहुतेक प्लेयर २३-२४ चे असतात. तिथे २६ वर्षांचा कोणी डब्ल्यूआरसी प्लस १५० करत असेल तर त्याला काही अर्थ नाही, आणि १९-२० वर्षांचा पोरगा १०५ करत असेल आणि स्ट्राइकआउट २० टक्क्यांच्या आत असतील तर तो सोनं आहे, स्काउट त्याला पोटेन्शियल (पुढे कुठपर्यंत जाईल त्याचं रेटिंग) ८० पैकी ४५ देत असला तरी. ट्रेडमध्ये समोरून दुसरा-तिसरा माणूस मागायचा असेल तेव्हा असेच शोधा, सॉर्ट करायचं वयावर, मग लेव्हलवर, मग स्ट्राइकआउटवर. पिचरमध्ये स्ट्राइकआउट टक्के वजा वॉक टक्के हा एकच कॉलम लावा, डबल ए ला २१ वर्षांचा पिचर १८ च्या वर असेल तर उघडून बघा की त्याच्याकडे तीन चांगले पिच आणि स्टॅमिना आहे का, नसेल तर तो रिलीव्हर होणार आणि किंमत तशी लावायची.

मुद्दाम हरून ड्राफ्टमध्ये (नवे प्लेयर टीमनी पाळीपाळीने निवडायचे) पहिला नंबर मिळवायचा विचार असेल तर खऱ्या लीगचे आताचे नियम बघा. लॉटरी आहे, सगळ्यात वाईट तीन टीमना पहिल्या नंबरची प्रत्येकी १६.५ टक्के संधी, आणि लीगच्या महसूल वाटणीतून पैसे न मिळणाऱ्या टीमला लागोपाठ दोन वर्षं, मिळणाऱ्या टीमला लागोपाठ तीन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही. १२१ हरूनही व्हाइट सॉक्सला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहावा नंबर मिळाला. आणि पहिला नंबर मिळाला तरी काय, २०१३ मध्ये ह्यूस्टनने पहिल्या नंबरवर पिचर मार्क अपेल घेतला, तो मेजरमध्ये पोचला २०२२ मध्ये आणि तोही फिलाडेल्फियाकडून. दुसऱ्या नंबरवर कब्जने घेतलेला बॅटर क्रिस ब्रायंट २०१६ चा एमव्हीपी झाला. म्हणून वरच्या नंबरवर माझी पसंती कॉलेजमधला बॅटर ज्याचे वॉक स्ट्राइकआउटच्या जवळपास आहेत, पिचर खालच्या राउंडमध्ये ढिगाने घ्या, दहातला एक लागला तरी चालतो.

याच ब्रायंटवरून सर्व्हिस टाइमचं, म्हणजे मेजरमध्ये काढलेल्या दिवसांचं, गणित समजतं. फ्री एजंट व्हायला सहा वर्षं लागतात आणि १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. कब्जने त्याला २०१५ मध्ये काही दिवस उशिरा वर आणलं, त्याचे १७१ दिवस भरले, आणि कब्जला एक वर्ष जास्त मिळालं. गेममध्येही हेच करा, हरणाऱ्या टीममध्ये एप्रिलचे दोन-तीन आठवडे त्याच्याशिवाय गेले तर काही बिघडत नाही. पण आताच्या नियमांत रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनात आला तर पूर्ण वर्ष मोजलं जातं, त्यामुळे फारच भारी पोरगा असेल तर सरळ पहिल्या दिवसापासून खेळवा. पहिली तीन वर्षं पगार जवळपास किमान, २०२५ मध्ये तो ७,६०,००० डॉलर होता, आणि तीच वर्षं स्वस्तातला वॉर देतात.

फुकटात मिळणाऱ्या गोष्टी

रूल फाइव्ह ड्राफ्ट बरेच जण स्किप मारतात, का ते मला खरंच कळत नाही. दुसऱ्या टीमने ४० जणांच्या रोस्टरवर न घेतलेला प्लेयर १,००,००० डॉलरला उचलायचा, अट एवढीच की पूर्ण सीझन २६ जणांत ठेवावा लागतो. जिंकणाऱ्या टीमला ते परवडत नाही, तुम्हाला परवडतं. डिसेंबर २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सने मिलवॉकीकडून असाच शेन स्मिथ नावाचा पिचर घेतला आणि २०२५ मध्ये तो ऑल स्टार झाला. इथे शोधायचं ते स्ट्राइकआउट टक्के आणि एकच भारी पिच.

वेव्हर रोज बघा. रीबिल्डच्या पहिल्या दोन वर्षांत तुमच्या ४० मधल्या शेवटच्या पाच-सहा जागा सतत बदलत राहायला हव्यात.

फील्डिंग ही सगळ्यात स्वस्त मिळणारी गोष्ट. शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड आणि कॅचर या तीन जागी बॅटिंग जरा हलकी पण झोन रेटिंग (फील्डिंगने किती रन वाचवले) भारी असे प्लेयर एआय स्वस्तात देते. उणे १० रनवाल्या शॉर्टस्टॉपच्या जागी अधिक १० वाला आणला की २० रन, म्हणजे दोन जीत, आणि वरून फायदा असा की तुमच्या तरुण पिचरचे ईआरए सुधारतात, मग तेच पिचर विकताना चांगली किंमत येते. कॅचरमध्ये फ्रेमिंग, म्हणजे काठावरचा बॉल स्ट्राइक वाटेल असा पकडायची कला, बघायला विसरू नका.

स्ट्रॅटेजीत जाऊन सॅक्रिफाइस बंटचा स्लायडर खाली ओढा. पहिल्या बेसवर रनर आणि शून्य आऊट या स्थितीतून सरासरी ०.८५-०.९ रन येतात, बंट करून दुसऱ्या बेसवर रनर आणि एक आऊट केलं की ०.७ च्या आसपासच उरतात, म्हणजे आऊटही दिला आणि रनही कमी केले. बेस चोरताना साधारण ७२ टक्क्यांच्या खाली यश असेल तर तो रनर उभाच राहू दे. लाइनअपमध्ये पहिल्या दोन जागी ओबीपी, चौथ्याला पॉवर, आणि समोरचा पिचर डावखुरा की उजवा ते पाहून दोन लाइनअप वेगळ्या, एवढं केलं की झालं, यात दिवस घालवू नका.

विकणं कधी थांबवायचं

मालक दरवर्षी टार्गेट देतो, पहिल्या वर्षी ते अशक्य नसेल याकडे लक्ष ठेवा नाहीतर प्लॅन पूर्ण व्हायच्या आधी नोकरी जाईल. बजेटमध्ये प्लेयरच्या पगारातून वाचलेला पैसा स्काउटिंग आणि डेव्हलपमेंटमध्ये टाका.

मग दरवर्षी जूनअखेर फक्त रन डिफरन्स बघा, स्टँडिंग नको. उणे ५० च्या खाली असाल तर अजून विकायचं. शून्याच्या आसपास आणि नियमित खेळणाऱ्यांचं सरासरी वय २७ च्या आत असेल तर हात आखडा, कोणालाच विकू नका, ही टीम आपोआप वर जाणार आहे. अधिक ४० झालं आणि तरी स्टँडिंगमध्ये पाच मॅच मागे दिसत असाल तर घाबरायचं कारण नाही, उलट ट्रेडच्या डेडलाइनच्या आत खरेदीला निघा, कारण तुमच्या रनवरून निघणाऱ्या जिती खऱ्या जितींपेक्षा जास्त आहेत. घेताना दोन-अडीच वर्षं कंट्रोल असलेला स्टार्टर घ्या, ज्याची एफआयपी ईआरएपेक्षा चांगली आहे. बदल्यात द्यायचे ते तुमचे असे प्रॉस्पेक्ट ज्यांचं पोटेन्शियल रेटिंग झगझगीत आहे पण डबल ए मध्ये स्ट्राइकआउट ३० टक्क्यांच्या वर चाललेत आणि वॉक ५ च्या आत. समोरची एआय त्यांचं पोटेन्शियल बघून खूश होते, आणि तुमचे २० टक्क्यांच्या आतले पोरगे तुमच्याकडेच राहतात.